जनपदोद्ध्वंस, हिरडा आणि आपण

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी वाचलेला आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरी, गंगेचा तीर, ग्रीष्माचा उत्तरार्ध आणि शिष्यगणांसह वनात विहार करणारे भगवान पुनर्वसु आत्रेय! ग्रह-नक्षत्रे, वारा, अग्नी आणि दिशा यांची बिघडलेली लक्षणे पाहून ते अग्निवेशाला सांगतात की, आता लवकरच ही भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव देईनाशी होईल. म्हणून ती विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करा.

महाविद्यालयात आम्ही 'जनपदोद्ध्वंस' या शब्दासमोर 'साथीचा रोग' एवढेच लिहून पान उलटत असू. २०२० साली करोनाच्या काळात या अध्यायाची पुन्हा आठवण निघाली, तीही बहुधा साथीच्याच संदर्भात. परंतु आत्रेयांची पहिली सूचना रोगाविषयी नाही, औषधीविषयी आहे, हे आमच्या लक्षात येण्यास व्यवसायाची वीस-बावीस वर्षे जावी लागली. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले की रोगी होण्याआधी औषधी बिघडते, हा त्या अध्यायाचा आजच्या वैद्याला आणि औषधनिर्मात्याला थेट भिडणारा भाग आहे. हवामानबदल हा विषय शास्त्रज्ञांचा, राजकारण्यांचा आणि परिषदांचा आहे अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत दिसते. तो आपल्या खलबत्त्यापर्यंत कसा येऊन पोचला आहे आणि त्याबाबत सामान्य नागरिकांनी एकत्र येऊन, पोटापाण्याला धक्का न लावता, काय करून दाखविले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोणत्या ऋतूतील हरीतकी?

ऋतुहरीतकीचा प्रयोग आपण सर्वजण करतो. वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात शर्करेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर हिरडा द्यावा, हा क्रम कोणत्याही वैद्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. परंतु अलीकडे रुग्णाला हा क्रम लिहून देताना आमचा हात थबकतो. कार्तिकात पावसाची झोड उठते, फाल्गुनात गारा पडतात आणि ऐन श्रावणात आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. पंचांगातील ऋतू एक आणि अंगणातील ऋतू दुसरा, अशा वेळी अनुपान कोणते सांगावे? आचार्यांनी कालदुष्टीचे लक्षण सांगितले आहे ते हेच: ऋतूची लक्षणे विपरीत असणे, अधिक असणे किंवा हीन असणे. आणि वायू, उदक, देश, काल या क्रमात पुढचा पुढचा भाव टाळण्यास अधिक कठीण, असेही ते सांगतात. वारा अडविता येतो, पाणी उकळता येते, गाव सोडता येतो. परंतु कालापासून पळून जाणार कोठे?

आधुनिक विज्ञानाचे सांगणे याहून वेगळे नाही. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२३ च्या संश्लेषण अहवालानुसार, १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते आणि ही वाढ मानवी व्यवहारांमुळे झाली याविषयी त्या अहवालात संदिग्धता ठेवलेली नाही. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा सामुदायिक प्रज्ञापराध होय. कोळसा, तेल आणि जंगल जाळून मिळणारे सुख लगेच दिसते, त्याचा विपाक मात्र उशिरा कळतो.

आजीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आम्ही त्रिफळा चूर्णासाठी घेतलेल्या हिरड्याच्या गोणीत निम्मा माल किडका निघाला. व्यापाऱ्याला विचारले, "हा माल कोठला?" तो शांतपणे म्हणाला, "बाजारातला." आपण रुग्णाला त्याच्या आजोळच्या प्रकृतीपर्यंतचे प्रश्न विचारतो आणि औषधाला मात्र त्याचे गावही विचारीत नाही, याची त्या दिवशी लाज वाटली. त्या उन्हाळ्यात आम्ही पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात गेलो. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकर हा सारा भाग हिरड्याचे माहेर. येथील महादेव कोळी कुटुंबांना भातशेतीनंतरचा मोठा आधार म्हणजे बाळहिरडा.

अंगणात बाळहिरडा वाळत घालणाऱ्या एका वृद्धेला आम्ही विचारले, "आजी, यंदा हिरडा कसा आहे?" त्या म्हणाल्या, "फुलोरा लई आला होता डॉक्टर. पर अवकाळी आला आन् समदा झडून गेला. झाडाला काय बोल लावायचा?" मग थोडा वेळ थांबून त्यांनीच विचारले, "तुमच्याकडं ह्यो काय भावानं येतो?" आम्ही भाव सांगितला नाही. खरे म्हणजे सांगण्याचे धैर्य झाले नाही. त्यांच्या हाती पडणारी रक्कम आणि आम्ही मोजीत असलेली रक्कम यांत दिवस-रात्रीचे अंतर होते आणि ते अंतर कोणाच्या खिशात जाते हे आम्ही आजवर विचारलेही नव्हते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्री ओलांडून पुणे, नाशिकच्या दिशेने गेले. जुन्नर आणि आंबेगावच्या पट्ट्यात हिरड्याची जुनी झाडे त्यात कोसळली. नुकसानभरपाईसाठी तेथील आदिवासी शेतकऱ्यांना पुढे दीर्घकाळ मागणी लावून धरावी लागली, मोर्चे काढावे लागले. हिरड्याचे झाड फळावर यायला वर्षे लागतात. पडलेले झाड म्हणजे त्या घराचे पुढच्या पिढीपर्यंतचे उत्पन्न गेले असे समजावे. आपल्या फार्मसीत मात्र त्या वर्षी फक्त भाववाढ पोचली.

हा प्रश्न एकट्या हिरड्याचा नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार होत असल्याचे नोंदविले आहे. त्यांपैकी २४२ वनस्पतींची वार्षिक उलाढाल शंभर मेट्रिक टनांपेक्षा अधिक आहे आणि यांतील बहुसंख्य वनस्पती आजही रानातूनच येतात. २०१४-१५ या वर्षातील एकूण मागणी पाच लाख टनांच्या पुढे होती. म्हणजे आपला संपूर्ण व्यवसाय आपल्या मालकीच्या नसलेल्या, आपण न लावलेल्या आणि आपण न राखलेल्या झाडांवर उभा आहे.

पर्यावरण की पोट?

हवामानबदलाची चर्चा निघाली की एक आक्षेप ठरलेला असतो. जंगल राखायचे तर लोकांनी खायचे काय? धूर कमी करायचा तर उद्योग बंद करायचे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची खात्री नाही त्याला पुढच्या शतकाच्या तापमानाविषयी उपदेश करणे म्हणजे उपाशी रुग्णाला लंघन सांगणे होय. म्हणूनच ज्यांनी हे दोन्ही एकत्र साधले त्यांच्याकडे जाणे श्रेयस्कर. सुदैवाने अशी गावे आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड झालेले. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने स्वतःवर काही बंधने घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान आणि सर्वांत कठीण म्हणजे शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी. ऊस आणि केळी ही तहानलेली पिकेही गावाने सोडली. दरवर्षी पावसाचे मोजमाप होते, पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्या ताळेबंदाप्रमाणे ग्रामसभा पिके ठरविते. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे. चराईबंदी केली म्हणून गुरे विकावी लागतील अशी भीती होती. प्रत्यक्षात कापून आणलेल्या चाऱ्यावर गोठे भरले आणि गावाचे दूध कित्येक पटींनी वाढले. कामासाठी शहरात गेलेली कुटुंबे परत आली. येथे अर्थव्यवस्था बाजूला ठेवून पर्यावरण राखलेले नाही. पाणी राखले म्हणून अर्थव्यवस्था उभी राहिली.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचे मेंढा (लेखा). सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारे हे गोंड आदिवासींचे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. कागदावर हक्क मिळाला तरी बांबू विकण्याचा वाहतूक परवाना देण्यास वनखाते तयार नव्हते. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती सोपविला गेला. बांबू कोठे तोडायचा, किती तोडायचा, मजुरी किती द्यायची हे तेव्हापासून ग्रामसभा ठरवू लागली. जंगल लुटले जाईल ही भीती खोटी ठरली. कारण ज्याला उद्याही त्याच रानात जायचे आहे तो आज ते रान ओरबाडीत नाही.

कलिद्रुम आणि धनेश

तिसरे उदाहरण आपल्या व्यवसायाच्या सर्वांत जवळचे आहे. बिभीतकाला आपल्या निघंटूंत 'कलिद्रुम' आणि 'भूतवास' अशी नावे आहेत. नलोपाख्यानात कली याच वृक्षात शिरतो. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वरच्या परिसरात देवराया आणि खासगी राने यांत बेहड्याचे प्रचंड वृक्ष आहेत आणि त्यांच्या ढोलीत महाधनेश हा दुर्मीळ पक्षी घरटे करतो. बेहड्याचे लाकूड हलके, त्याला इमारतीसाठी मान नाही; म्हणून जळणासाठी तो सर्रास विकला जाई. झाडमालकाच्या दृष्टीने उभ्या बेहड्याची किंमत शून्य आणि तोडलेल्या बेहड्याचे काही रुपये, असा हिशेब होता.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने गेल्या दशकात हा हिशेब उलटविला. कोकणात बेहडा आणि भीमाशंकर परिसरात हिरडा गोळा करणाऱ्या स्थानिक लोकांना तिने प्रशिक्षण दिले. झाडांची मोजणी झाली. फळ किती घ्यायचे, पक्ष्यांसाठी आणि नव्या रोपांसाठी किती सोडायचे, फांदी न तोडता कसे उतरवायचे, वाळवायचे कोठे, याचे नियम ठरले. रानातून गोळा होणाऱ्या मालासाठी असलेले 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि पक्का हर्ब्स ही ब्रिटिश कंपनी हा माल चांगल्या भावाने घेऊ लागली. उभ्या झाडाला दरवर्षी उत्पन्न मिळू लागले, म्हणून कुऱ्हाड थांबली. खोडात साठलेला कार्बन खोडातच राहिला, धनेशाची ढोली राहिली, वेचणाऱ्याला रास्त दाम मिळाला आणि औषध उत्तम प्रतीचे मिळाले.

या उदाहरणात आपल्याला बोचावी अशी एक गोष्ट आहे. त्रिफळेचे गुणगान आपण करायचे, त्रिफळेवर व्याख्याने आपण द्यायची. परंतु सह्याद्रीतील बेहड्याला रास्त भाव द्यायला पुढे आली ती साता समुद्रापलीकडची कंपनी. आपल्यापैकी किती फार्मसींनी असा करार केला आहे?

कायद्याने सुटलो, ऋणातून नाही

२००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक समाजाला लाभाचा वाटा देण्याची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना त्या बंधनातून बरीच सूट मिळाली. लहान वैद्यांचा कागदोपत्री जाच कमी झाला हे योग्यच. परंतु ज्या आजींच्या अंगणात आपला हिरडा वाळतो त्यांचे देणे दुरुस्तीने फिटत नाही. जनपदोद्ध्वंसाचे मूळ सांगताना आचार्यांनी केवळ राज्यकर्त्यांना दोष दिलेला नाही. देशाचे व नगराचे प्रमुख अधर्माने वागू लागले की त्यांचे आश्रित, मग पौर-जानपद आणि 'व्यवहारोपजीवी' म्हणजे व्यापारावर जगणारे लोक तो अधर्म वाढवितात, असा क्रम त्यांनी दिला आहे. हा शब्द आपण आपल्याला सोडून इतरांना लावीत आलो.

संघटना काय करू शकेल?

एकटा वैद्य फार काही करू शकत नाही, हे मान्य. म्हणूनच तर संघटना असते. आमच्या अल्प अनुभवावरून काही सूचना सभासदांपुढे ठेवतो.

पहिली, गटखरेदी. एका तालुक्यातील आठ-दहा लहान फार्मसींनी एकत्र येऊन हिरडा, बेहडा, आवळा, गुळवेल अशा निवडक द्रव्यांची वर्षाची गरज ठरवावी आणि हंगामापूर्वीच एखाद्या ग्रामसभेशी किंवा वनधन केंद्राशी भाव निश्चित करावा. ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी तरुणांनी करोनाकाळात गुळवेल गोळा करून थेट मोठ्या औषध कंपन्यांना पुरविली, हे उदाहरण समोर आहे. मोठ्यांना जे जमते ते लहानांना एकत्र आल्यास जमू नये असे काही नाही.

दुसरी, द्रव्याचे गाव लिहिणे. कच्च्या मालाच्या नोंदवहीत ठिकाण, गोळा केल्याचा महिना आणि वेचणाऱ्या गटाचे नाव असे तीन रकाने वाढवावेत. चरकाच्या कल्पस्थानात कोणते अंग कोणत्या ऋतूत घ्यावे हे सांगितले आहेच. आपण तेवढेच पाळावयाचे आहे.

तिसरी, मुळे आणि साली यांविषयी विवेक. फळ घेतले तर झाड राहते, मूळ काढले तर झाड संपते. बृहत् पंचमुळातील बेल, टेंटू, शिवण, पाटला आणि अग्निमंथ हे वृक्ष आहेत, हे दशमूलारिष्टाच्या बाटलीकडे पाहून आठवत नाही. ज्या फार्मसीला दशमुळे लागतात तिने शेतकऱ्यांच्या बांधावर ती लावून घेण्याचा करार आजच करावा. दहा वर्षांनी करू म्हटल्यास झाड त्यानंतरच्या दहा वर्षांनी मिळेल.

चौथी, आपली भट्टी. क्वाथ, अवलेह आणि भस्म यांसाठी आपण किती लाकूड जाळतो याचा हिशेब मांडावा. काढ्याचा चोथा फेकण्याऐवजी वाळवून खतासाठी किंवा जळणासाठी वापरता येतो. वाळवणासाठी सौर वाळवणयंत्रे आता सहज मिळतात. यात धूरही कमी होतो आणि खर्चही.

पाचवी, ऋतूंची नोंद. आपल्या भागात हिरडा, पळस, बहावा कधी फुलला, अवकाळी कधी आला, कोणत्या महिन्यात कोणत्या तक्रारींचे रुग्ण वाढले, हे प्रत्येक वैद्याने एका वहीत लिहावे. दहा वर्षांच्या अशा वह्या एकत्र ठेवल्या तर ऋतुचर्येचा नवा विचार करण्यास ठोस आधार मिळेल.

याने त्रिफळेची डबी महाग होईल काय? थोडी होईल. आम्ही आमच्या छोट्या फार्मसीचा हिशेब मांडला तेव्हा डबी, लेबल, वाहतूक आणि मधली दलाली यांपुढे वेचणाऱ्याचा वाटा इतका लहान आढळला की, तो दुप्पट केल्यावरही किमतीत पडलेला फरक रुग्णांनी विनातक्रार स्वीकारला. अडचण रुग्णाच्या खिशाची नव्हती, आमच्या सवयीची होती.

एका गावाने काय होणार?

येथे एक प्रामाणिक शंका उरते. उत्तराखंडातील रैणी गावाच्या स्त्रियांनी मार्च १९७४ मध्ये गौरादेवींच्या नेतृत्वाखाली झाडांना मिठी मारण्याची तयारी ठेवून जंगल वाचविले. त्याच रैणीजवळ ७ फेब्रुवारी २०२१ रोजी हिम आणि खडकांचा प्रचंड कडा कोसळून ऋषिगंगेला प्रलयंकारी पूर आला आणि माणसांसह वीजप्रकल्प वाहून गेला. ज्यांनी जंगल राखले त्यांनाच पुराने गाठले. हिमालय हे कुटकी, अतिविष, जटामांसीचे उगमस्थान. तेव्हा ही घटनाही आपल्या कपाटापासून दूरची नाही. मग गावोगावच्या प्रयत्नांचा उपयोग काय?

उत्तर असे की, गावाचा प्रयत्न पुरेसा नाही, परंतु त्याच्याविना काहीच पुरेसे होणार नाही. कोळसा किती जाळायचा, वीज कशी निर्माण करायची हे निर्णय सरकारांना आणि मोठ्या उद्योगांनाच घ्यावे लागतील आणि ते घेण्याचा आग्रह नागरिकांनी मतदार म्हणून धरलाच पाहिजे. परंतु पोट आणि पर्यावरण यांत वैर नाही, हे केवळ भाषणाने कोणाला पटत नाही. हिवरे बाजारच्या गोठ्यातील दूध, मेंढ्याच्या ग्रामसभेचा बांबू आणि संगमेश्वरचा उभा बेहडा पाहून ते पटते. असे पुरावे जितके वाढतील तितका आग्रहाला जोर येईल.

आत्रेयांनी अग्निवेशाला औषधींचा संग्रह करण्यास सांगितले तेव्हा गोदामे भरून ठेवणे एवढाच त्याचा अर्थ नसावा. उद्ध्वंसाच्या काळात रुग्णाला देण्यासारखे काही आपल्याजवळ उरले पाहिजे, ही त्यामागील कळकळ आहे. आज तो संग्रह गोणीत करता येणार नाही. तो उभ्या झाडांच्या आणि ती राखणाऱ्या माणसांच्या रूपानेच करावा लागेल. पुढल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या डोंगरपट्ट्यात जाणार आहोत. आजींनी भाव विचारला तर या वेळी तो सांगता यावा, एवढी तयारी आम्ही केली आहे. सभासद वैद्यबंधू-भगिनींपैकी आणि फार्मसीचालकांपैकी जे बरोबर येऊ इच्छितात त्यांनी हंगामापूर्वी संघटनेच्या कार्यालयात आपल्या वार्षिक गरजेची यादी द्यावी, ही नम्र विनंती.

इत्यलम्।